पुठ्ठ्यातून जपानी कौलारू छप्पर

टेबलावरच्या युद्धखेळातल्या २८ मिमी उंचीच्या छोट्या सैनिकांसाठी सामुराईंचा जपान उभारताना खर्च करायचाच तर रंगांवर करा, इमारतींवर नको. जपानी इमारतीची ओळख छपरात असते आणि ते कुरिअरच्या खोक्यातून फुकटात निघतं.

पुठ्ठ्याच्या वरच्या कागदावर ओला स्पंज फिरवा, जरा मुरू द्या आणि कागद अलगद सोला. आतल्या पन्हाळ्या म्हणजे कौलांच्या तयार रांगा! त्या माथ्यापासून वळचणीकडेच उतरल्या पाहिजेत. वळचण भिंतीबाहेर निदान दीड सेंमी काढा. आखूड छपराने सगळा डौल जातो. सोललेला पुठ्ठा वाकतो, म्हणून पूर्ण वाळवून पातळ फेविकॉलचा हात द्या. मग काळा रंग, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी.

मात्र सोळाव्या शतकातल्या खेड्यात छपरं बहुतेक गवताचीच असत. कौलं बौद्ध मंदिरांना आणि किल्ल्यांना शोभतात. शेतकऱ्याच्या घराला काथ्या चिकटवा.

मापासाठी जपानी घरात जमिनीवर अंथरतात ती तातामी चटई धरा: साधारण ९० बाय १८० सेंमी, म्हणजे टेबलावर (सुमारे १:५६ प्रमाणात) १६ बाय ३२ मिमी. आठ चटयांची खोली ६४ मिमी चौरस होते. छप्पर चिकटवू नका, आत सैनिक ठेवता आले पाहिजेत.