द्राक्षपट्ट्यात जैविक कीडनियंत्रणाचे काम सुरू करताना

कृषी पदवी घेऊन निफाड-दिंडोरीकडे पीकसंरक्षण सल्लागार म्हणून येणाऱ्या नवोदितांच्या हाती मी औषधांच्या यादीआधी भिंग देतो, कारण या कामात शत्रू आणि मित्र दोन्ही एकाच पानावर सापडतात.

पिठ्या ढेकूण, म्हणजे बागायतदारांचा मिलीबग, खोडाच्या सुटलेल्या सालीखाली दडून राहतो, पुढे घडांकडे चढतो आणि एकदा घडात शिरला की अंगावरील मेणचट आवरणामुळे फवारणी त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून सैल साल काढून नष्ट करणे आणि त्याला जपणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त करणे ही कामे आधी येतात. त्यानंतर क्रिप्टोलिमस हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये भारतात आणलेला परभक्षी, म्हणजे मिलीबग खाऊन जगणारा, भुंगेरा बागेत सोडावा. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या धाग्यांनी झाकलेली असल्याने मिलीबगसारखीच दिसते, त्यामुळे मजूरच काय, नवखा पदवीधरही तिला चिरडून मोकळा होतो. ती मिलीबगपेक्षा मोठी आणि चपळ असते, हे भिंगाखाली एकदा पाहिले की विसरत नाही.

बिव्हेरिया, मेटारायझियम, व्हर्टिसिलियम या किडींना मारणाऱ्या बुरश्यांची अडचण वेगळी आहे. डाऊनी आणि भुरी या रोगांसाठी द्राक्षावर वारंवार फवारली जाणारी बुरशीनाशके यांनाही मारू शकतात. सल्ला देण्यापूर्वी बागायतदाराची फवारणीची वही मागून घ्यावी, बुरशीनाशकाची आणि या बुरश्यांची फवारणी यांत अंतर ठेवावे आणि हवेत दमटपणा असताना, सायंकाळी फवारावे.

टोमॅटोतील फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळ्यांत, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांत, पतंग दिसू लागताच ट्रायकोकार्डाच्या, म्हणजे ट्रायकोग्रामा हा चिमुकला परजीवी कीटक ज्यावर असतो त्या कार्डाच्या, पट्ट्या पानांच्या खालच्या बाजूस लावाव्यात. ट्रायकोग्रामा अळीला नव्हे, अंड्यांना मारतो. अळी फळात शिरल्यावर कार्ड लावून उपयोग नाही.

मी रसायनांच्या विरोधात नाही; मात्र निर्यातीच्या बागेत काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांतील ठरलेले दिवस, काटेकोर पाळावा लागतो. २०१० मध्ये युरोपात द्राक्षे अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे, कीटकनाशकामुळे नव्हे, हेही लक्षात असू द्यावे.

जैविक कीटकनाशकेसुद्धा १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावी लागतात. खरेदी करताना नोंदणी क्रमांक आणि अंतिम तारीख पाहावी, शिवाय दुकानदाराने तो माल उन्हात तर ठेवला नव्हता ना, हे विचारावे.