आईबाबा पहिल्यांदा मुंबईहून दुबईला येतायत? मग ही तयारी

मुंबई ते दुबई विमानाचं अंतर साधारण 1,930 किमी, अरबी समुद्र ओलांडला की ओमान नि मग दुबई, फ्लाइट तीन-सव्वातीन तासांची. पण आईबाबा साताऱ्याहून निघणार असतील तर घरच्या दारापासून तुमच्या दारापर्यंत चौदा-पंधरा तास धरा, घाटात ट्रॅफिक लागलं तर अजून जास्त.

आधी तिकिटावरची तारीख नीट बघा, सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. 15 तारखेची रात्री 2:30 ची फ्लाइट म्हणजे 14 ला दुपारी चारलाच घर सोडायचं, कारण रात्री साडेअकरापर्यंत मुंबई विमानतळाच्या सहारच्या टी-2 ला (टर्मिनल 2) पोचायला हवं आणि काउंटर सुटायच्या तासभर आधी बंद होतो. मी बाबांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर 14 ला लाल गोल करून ठेवला होता.

दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, बारा महिने तेवढंच. म्हणून पहाटे 4:30 ला सुटलेलं विमान तिथे 6:05 ला उतरलेलं दिसतं नि बाबा म्हणतात दीडच तास लागला, लागतात तीन तास पाच मिनिटं. येताना उलटं, तिकिटावर साडेचार तास दिसले तर तीनच धरायचे. इन्सुलिन घेत असतील तर वेळा कशा बदलायच्या ते निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

पासपोर्ट पोचायच्या तारखेपासून सहा महिने तरी चालणारा हवा, आणि व्हिसाची प्रिंट हातातल्या बॅगेत, मोबाईलच्या भरवशावर राहू नका.

आता बॅग, आणि हे प्लीज मनावर घ्या. खसखस युएईत चालत नाही, चिमूटभर पण नाही. आपल्याकडे ती कुठे कुठे असते बघा, अनारशांवर, करंजीच्या सारणात, घरच्या कांदा-लसूण मसाल्यात, आईला वेगळं लक्षातसुद्धा येत नाही आणि ती प्रेमाने किलोभर मसाला भरते. त्यामुळे बॅग बंद करायच्या आधी व्हिडिओ कॉल करून एकेक डबा उघडायला लावा, आणि मसाला करणार असेल तर खसखस न घालता करायला आधीच सांगा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पण नको, तेलामुळे पेट घेतात म्हणून सामानात घेत नाहीत. औषधं मूळ पाकिटात आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, कोडीन किंवा ट्रॅमाडॉल (खोकल्याच्या नि दुखण्याच्या काही औषधांत असतात) असलेलं काही असेल तर तिथली परवानगी आधी काढा. पॉवर बँक केबिन बॅगेतच.

दुबईत टर्मिनल तीन आहेत, टी-2 तर धावपट्टीच्या पार पलीकडे, त्यामुळे घ्यायला जाताना नंबर बघूनच गाडी काढा. आत चालायला खूप लागतं, गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच व्हीलचेअर सांगा, आई नको नको म्हणाली तरी सांगा. आणि तुमचा नंबर कागदावर लिहून बाबांच्या खिशात, उतरल्यावर भारतातलं सिम लागेलच असं नाही.