आधी विंडोज मारली, मग विचारलं "डाटा निघेल ना?" : बंद कॉम्प्युटरमधले कागद काढताना या चुका टाळा

"दादा, मशीन चालूच होत नव्हतं, म्हणून भाच्यानं विंडोज मारून दिली. आता मस्त चालतंय. फक्त डेस्कटॉपवरचं काही दिसत नाही."

सांगलीतल्या माझ्या दुकानात हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी येतं. भाच्याच्या जागी कधी पुतण्या असतो, कधी जावई, कधी 'ऑफिसातला एक मुलगा, त्याला सगळं कळतं'. बाकी मजकूर तोच. (विंडोज मारणं म्हणजे ती नव्यानं टाकणं.) मागच्या आठवड्यात एकाच दिवशी दोघं आले, तेव्हा म्हटलं, आता हे लिहूनच काढू.

मशीन चालू करणं हे एक काम आणि त्यातले कागद, म्हणजे फाइली, बाहेर काढणं हे दुसरं. दुसरं आधी करायचं. कागद हातात आले की मशीनचं काय हवं ते करा, फॉरमॅट मारा नाहीतर भंगारात द्या.

बंद पडलं की विंडोज मारणं

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसून खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं टाइप करून देणारे एक काका माझं जुनं गिऱ्हाईक. दिवाळीची चार दिवस सुट्टी घेऊन आले, मशीन चालू केलं, तर काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ: 'नो बूटेबल डिव्हाइस', म्हणजे विंडोज सुरू करायला डिस्क सापडत नाही. बाहेर पक्षकार ताटकळलेले. काकांनी पुतण्याला बोलावलं.

पुतण्या पेनड्राइव्ह घेऊनच आला. विंडोज टाकायला लागला, तर मशीन म्हणे या डिस्कवर टाकता येत नाही, हिचा विभागणीचा तक्ता (पार्टिशन टेबल) जुन्या पद्धतीचा आहे. इथं कुठलाही शहाणा माणूस थांबेल. डिस्क दिसतेय, तिचे भाग (सी, डी असे ड्राइव्ह) दिसतायत, म्हणजे डिस्क जिवंत आहे, मग अडलंय कुठं? पुतण्यानं एवढा विचार न करता एकेक भाग निवडून 'डिलीट' केला, सगळी डिस्क कोरी झाली आणि विंडोज बसली. संध्याकाळी काका माझ्याकडे.

मी विचारलं, "बंद पडायच्या आधी काही वेगळं जाणवलं का?" म्हणाले, "काही नाही हो, फक्त दोन-तीन आठवडे घड्याळ मागं पडायचं. मी रोज हातानं नीट करायचो."

संपला विषय. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२. तो मरत आला की घड्याळ मागं पडतं आणि पूर्ण मेला की बोर्ड आपली सेटिंगं विसरतो. काकांची विंडोज जुन्या पद्धतीनं टाकलेली, सेटिंगं विसरलेला बोर्ड ती नव्या पद्धतीनं शोधत होता. चाळीस रुपयांचा सेल आणि बोर्डाच्या सेटिंगांत, म्हणजे बायोसमध्ये, दोन मिनिटांचं काम, एवढाच आजार होता.

काका मात्र निवांत होते. "माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे. सी गेली तरी काय बिघडत नाही ना?" डी ड्राइव्ह खरोखरच नावानिशी जशीच्या तशी परत मिळाली. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क होती म्हणून. एसएसडी (चिपवाली डिस्क) असती तर विंडोजनं भाग पुसताना किंवा फॉरमॅट करताना आतले कप्पेही रिकामे करायला बहुतेक सांगितलं असतं आणि मी हात जोडले असते. डीमध्ये निघालं काय, तर भजनं, मुलीच्या लग्नाचे फोटो आणि दोन जुने सिनेमे. एकवीस वर्षांचे मसुदे डेस्कटॉपवर होते, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो. डाउनलोड्स तिथंच, माय डॉक्युमेंट्स तिथंच. तुम्ही मुद्दाम हलवलं नसेल तर सगळं सीमध्येच. पडद्यावर समोर दिसतं म्हणून लोकांना ते वेगळं कुठंतरी ठेवल्यासारखं वाटतं.

सीवर नवी विंडोज लिहिली गेलेली, फाइलींच्या नावांची यादी तिच्याखाली गेलेली. मग फोटोरेक चालवलं. हा प्रोग्रॅम नावं बघत नाही, डिस्कचा तुकडा न् तुकडा हुंगून वर्डची फाइल, फोटो, पीडीएफ ओळखतो आणि स्वतःच नाव देतो: 'एफ' आणि पुढं सात-आठ आकडे. अशा काही हजार वर्ड फाइली निघाल्या. पहिली उघडली. आत टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच अंशाचं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "फाइल खराब झाली?"

फाइल ठणठणीत होती, फॉन्ट गेले होते.

फॉन्ट न उचलणं

हे दुसरं दुखणं खास आपल्याकडचं. इंग्रजीवाल्यांना ते ठाऊकच नाही, म्हणून इंग्रजी माहितीत ते कुठं सापडणार नाही. युनिकोड (मराठी अक्षरांना स्वतःचे कोड देणारी आजची पद्धत) रुळायच्या आधी आपण मराठी टाइप करायचो ते श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टांत. त्यात फाइलीच्या पोटात मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात. त्यावर फॉन्टचा मुखवटा चढला की ते 'खरेदीखत' दिसतं, मुखवटा काढला की कचरा. आजही कितीतरी डीटीपीवाले, छापखानेवाले, दस्तलेखक यातच काम करतात. पेजमेकर आणि कोरलड्रॉच्या जुन्या फाइलींचं तर विचारू नका.

म्हणून माझी सवय अशी, की बंद मशीनमधून एकही मराठी कागद काढायचा असेल तर सगळ्यात आधी सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स हे फोल्डर अख्खं उचलायचं. कुठला फॉन्ट लागेल याचा विचार करत बसायचं नाही. पाच मिनिटं लागतात. दुसऱ्या मशीनवर तेच नाव आणि तोच क्रमांक असलेला फॉन्ट लागतो. 'साधारण तसाच दिसणारा' टाकला तर जोडाक्षरं फुटतात, आणि खरेदीखतातल्या एका फुटलेल्या अक्षरानं गट नंबर बदलू शकतो.

काकांचा फॉन्ट शेवटी शेजारच्या पत्रिका छापणाऱ्याकडे मिळाला. तरी शोधायचं कसं? युनिकोडमध्ये 'खरेदीखत' लिहून शोधलं तर शून्य फाइली, कारण तो शब्द त्या रूपात कुठं नाहीच. मग तोच फॉन्ट घेऊन 'खरेदीखत' टाइप केलं, त्याखालचा टोप्यांचा कचरा उचलला आणि फाइलींच्या आत शोधणाऱ्या एका प्रोग्रॅमला तो दिला. धडाधड फाइली लागल्या. 'बक्षीसपत्र', 'मृत्युपत्र', 'कुलमुखत्यारपत्र' असं एकेक करत गठ्ठे लावले. अकरा संध्याकाळी गेल्या. निम्म्याहून थोडे जास्त मसुदे परत आले. पैसे देताना काका म्हणाले, "पुतण्याला काही बोलू नका. त्यानं बिचाऱ्यानं फुकट केलं होतं."

मग करायचं काय

दोन मिनिटं साध्या गोष्टी बघा. एखादा पेनड्राइव्ह खोचलेला राहिलाय का? बायोसमधली तारीख बरोबर आहे का? तिथल्या यादीत डिस्कचं नाव दिसतंय का? डेस्कटॉप असेल तर वायर काढून रॅम बाहेर घ्या, सोनेरी पट्टी खोडरबरानं पुसा, परत बसवा. आपल्या पावसाळ्यात एवढ्यानंही पुष्कळ मशीनं उठतात. नाही उठलं, तर सोडून द्या आणि डिस्ककडे वळा.

डिस्क काढून सॅटा-यूएसबी केबलनं दुसऱ्या मशीनला लावणं मला सगळ्यात आवडतं. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपची साडेतीन इंची चालत नाही, तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. तो न लावता 'डिस्क डेड आहे' म्हणणारे मी पाहिलेत. पट्टीसारखी एम.२ डिस्क असेल तर ती सॅटा जोडणीची की एनव्हीएमई जोडणीची ते बघूनच तिला यूएसबीनं जोडणारं खोकं घ्या.

डिस्क काढायची नसेल तर लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या सिस्टिमचा) पेनड्राइव्ह. तो काहीही न टाकता नुसता चालतो, फाइल मॅनेजर उघडायचा, कॉपी करायचं. फक्त डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल' नावाचं एक चिन्ह असतं, त्याच्याकडे बघायचंही नाही. एकानं 'बघू तरी काय होतं' म्हणून दाबलं होतं.

आणि हातात फक्त विंडोजचा पेनड्राइव्ह असेल तर ही माझी लाडकी युक्ती: भाषा विचारणाऱ्या पहिल्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळ्या खिडकीत 'नोटपॅड' टाइप करा, फाइल, ओपन, आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. झाला तुमचा फाइल मॅनेजर. उजवं बटण, कॉपी, पेनड्राइव्हमध्ये पेस्ट. तुमची सी इथं डी किंवा ई म्हणून दिसू शकते, घाबरू नका. कॉपी होताना हिरवी पट्टी वगैरे काही दिसत नाही, खिडकी नुसती गोठते. उतावळे इथंच पेनड्राइव्ह उपटतात. चहाला जा. खरंच जा.

मरणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क

डिस्क चालतेय, पण फोल्डर उघडायला मिनिटभर घेते, मध्येच टक-टक करते, अशी असेल तर तिचे श्वास मोजलेले आहेत. ते कागदांवर खर्च करा. लोक ते चेकडिस्कवर, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणाऱ्या विंडोजच्या साधनावर, खर्च करतात. चेकडिस्कला तुमच्या फाइलींचं प्रेम नाही, त्याला फाइलींचा हिशोब जुळवायचा असतो. जुळला नाही तर ते दुव्याविना उरलेले तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरात 'सीएचके' नावानं फेकून मोकळं होतं. एका पीएचडीच्या मुलीनं रात्रभर चालवलं. सकाळी प्रबंधाच्या जागी असले दीडशे तुकडे, आणि दुपारी डिस्कनं मान टाकली.

दुसऱ्या मशीनला लावल्यावर विंडोज विचारतं, 'परवानगी नाही, कंटिन्यू दाबा'. चांगल्या डिस्कवर खुशाल दाबा. आजारी डिस्कवर नको, कारण विंडोज आतल्या प्रत्येक फाइलीची परवानगी बदलत बसतं, म्हणजे त्याच डिस्कवर हजारो वेळा लिहितं. लिनक्स असलं काही विचारत नाही. डिस्क फारच अडखळत असेल तर डीडीरेस्क्यू या लिनक्समधल्या प्रोग्रॅमनं अख्ख्या डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्यायची आणि फाइली त्या प्रतिमेतून काढायच्या. ते आधी सोपा भाग वाचून घेतं, अडलेल्या जागी मागाहून येतं, आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं. कुठली डिस्क 'कुठून' आणि कुठली 'कुठं', हे मी कागदावर लिहून ठेवतो. उलटं झालं तर कोऱ्या डिस्कची सुंदर प्रत निघते.

नुसतीच टक-टक येत असेल आणि डिस्क दिसतच नसेल, तर वीज काढा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. कागद मोलाचे असतील तर थेट रिकव्हरी लॅब. मीसुद्धा हात लावत नाही.

बाकीच्या, एकेका ओळीच्या

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवणं: नको, आत दव धरतं.

व्हिडिओ बघून डिस्कचं झाकण उघडणं: आतलं वाचणारं डोकं तबकडीच्या काही नॅनोमीटर वर तरंगतं, तुमच्या घरातला धुळीचा कण त्याच्यापुढं डोंगर.

सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर साठवणं: विहिरीतून काढलेली घागर परत विहिरीत.

कट-पेस्ट: कॉपी म्हणजे कॉपी.

चार जीबीपेक्षा मोठी फाइल एफएटी३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर जात नाही. पेनड्राइव्ह खराब नाहीये, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

पुरात भिजलेलं मशीन उन्हात वाळवून चालू करणं: २०१९च्या ऑगस्टनंतर असली मशीनं माझ्याकडे रांगेनं आली होती. हार्डडिस्कला हवेचं बारीक भोक असतं, त्यातून गाळ आत जातो आणि वाळला की चिकटतो. न वाळवता प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून लॅबला पाठवा.

नवा लॅपटॉप, निळा पडदा आणि ४८ आकडे

नव्या लॅपटॉपात हे वाढलंय. डिस्क काढून लावली तर कुलूप दिसतं, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, ४८ आकडी किल्ली मागतं. "मी कधी लावलंच नाही!" खरंय, मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलंत तेव्हा ते बहुतेक आपोआप लागलं. किल्लीही त्याच खात्यात असते. मोबाइलवरून त्या खात्यात जा, डिव्हाइसेसमध्ये बघा, आणि पडद्यावर दिसणाऱ्या ओळख-क्रमांकाची पहिली आठ अक्षरं जुळवून घ्या. ते खातं दुकानदारानं त्याच्याच ईमेलवर उघडून दिलं असेल, तर आधी त्याला गाठा. किल्ली नसेल तर डेटा नाही, आणि 'मी काढून देतो' म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

सगळं निघालं असं समजणं

डॉक्युमेंट्स फोल्डर उचललं की काम झालं असं नसतं. आउटलुकची पीएसटी (ईमेलची फाइल), स्कॅनरनं स्वतःच बनवलेलं फोल्डर, लपलेलं अ‍ॅपडेटा (प्रोग्रॅमांच्या माहितीचं फोल्डर), आणि टॅली. टॅलीचा डेटा तिच्या स्वतःच्या 'डेटा' फोल्डरमध्ये बसतो, आत नुसत्या आकड्यांची फोल्डरं, कंपनीचं नाव कुठंही लिहिलेलं नसतं. बघणाऱ्याला ते कचरा वाटतं. काढलेल्या फाइलींतल्या दहा-बारा उघडूनही बघा. नाव दिसतं आणि आत काही नाही, असंही होतं.

जुनी डिस्क मी लगेच फॉरमॅट करत नाही. पाकिटात घालतो, वर गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख लिहितो आणि पुढच्या एप्रिलपर्यंत खणात ठेवतो. कारण ३१ मार्चच्या आधी चार दिवस कुणीतरी धापा टाकत येतंच: "दादा, त्या जुन्या मशीनमध्ये टॅली पण होती हो."