डीएपीचे जहाज कुठवर आले, हे कसे पाहावे

मृगाच्या तोंडावर आमच्याकडच्या प्रत्येक कृषी केंद्रात "रेक कधी लागणार?" म्हणजे खताची मालगाडी कधी येणार, हा एकच प्रश्न ऐकू येतो. डीएपीसारख्या आयात खताची रेक बंदरातून निघते, त्यामुळे मोरोक्को किंवा सौदी अरेबियातून निघालेले जहाज विशाखापट्टणम वा मुंद्र्याच्या किती जवळ आले, हे मोबाइलवर पाहता आले तर तालुक्याच्या फुकट चकरा वाचतात.

जहाजाच्या नावावर विसंबू नये. मालक बदलला की नाव बदलते. वितरकाकडून जहाजाची कायमची ओळख असलेला सात अंकी आयएमओ क्रमांक मागून घ्यावा, तो जहाज भंगारात निघेपर्यंत तोच राहतो. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज केली असता तिचा शेवटचा अंक सातव्या अंकाशी जुळला पाहिजे. उदाहरणार्थ, ९०७४७२९ या क्रमांकाची बेरीज १३९ येते, म्हणजे ९ जुळला.

हा क्रमांक मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडर या जहाजांचा ठावठिकाणा दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर टाकल्यावर नकाशाआधी शेवटच्या नोंदीची वेळ पाहावी. जहाजाची जागा सतत कळवणाऱ्या एआयएस यंत्राचे संकेत किनाऱ्यावरच्या केंद्रांना जहाज जवळ असतानाच मिळतात आणि भर समुद्रातले संकेत उपग्रह टिपतो, पण ती माहिती बहुधा पैसे भरणाऱ्यालाच दिसते. म्हणून अरबी समुद्राच्या मध्यावर थांबलेले दिसणारे जहाज प्रत्यक्षात बरेच पुढे गेलेले असू शकते. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असल्यास भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवावेत.

तपशिलातील 'डेडवेट' म्हणजे माल, इंधन, पाणी व इतर सामान मिळून जहाज वाहू शकेल ते वजन. साधारण ५० ते ६० हजार टनांच्या सुप्रामॅक्स जहाजावर स्वतःच्या क्रेन असतात. त्यातून ५५,००० टन डीएपी आले तर ५० किलोच्या ११ लाख बॅगा भरतील.

सर्वांत बोलका आकडा ड्राफ्टचा, म्हणजे जहाज पाण्यात किती मीटर बुडाले आहे त्याचा. भरलेल्या जहाजाचा १२.५ मीटर ड्राफ्ट एका बंदरानंतर ९ दिसू लागला, तर बराच माल तिथेच उतरला असे समजावे. मात्र ड्राफ्ट आणि पुढचे बंदर हे दोन्ही खलाशी हाताने भरतात, त्यामुळे जुनाच आकडा राहून गेलेला असू शकतो.

वेग शून्य आणि जहाज बंदराबाहेर असेल, तर ते नांगर टाकून धक्क्याची वाट पाहत आहे. धक्क्याला लागल्यावरही उतरवणे, बॅगा भरणे आणि रेक मिळणे बाकी असते, आणि पावसाची सर आली की हॅचची (मालाच्या कोठाराच्या तोंडाची) झाकणे लावून काम थांबवतात. त्यामुळे जहाज लागल्याच्या तारखेवरून कोणत्याही शेतकऱ्याला खताचा दिवस सांगू नये.