मंडळी गायली पाहिजे: देवालयात पेटी वाजवू पाहणाऱ्यांसाठी

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की मला ठरावीक फोन येतात. "सर, मुलाला कीबोर्डची फार आवड आहे, चर्चमध्ये वाजवायचं म्हणतो. कुठला क्लास लावू?" मी उलट विचारतो, तो गातो का? उत्तर बहुधा येतं, "नाही हो, गायला लाजतो." मग मी सांगतो की कीबोर्डची घाई नको, आधी त्याला गायला बसवा. पालक जरा हिरमुसतात. पण देवालयात, म्हणजे चर्चमध्ये, वाजवणाऱ्याचं काम मंडळीला, म्हणजे उपासनेला जमलेल्या लोकांना, गायला लावण्याचं आहे, आणि जो स्वतः गात नाही त्याला दुसऱ्याचा दम कुठे संपतो ते कळत नाही.

माझं आयुष्य यातच गेलं. आठवडाभर शाळेत संगीतशिक्षक, संध्याकाळी घरी शिकवण्या, रविवारी पेटीवर. वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या देवळात पायपेटी वाजवायचे. त्यांना स्वरलिपी येत नव्हती, परीक्षा कुठलीच दिलेली नव्हती. पण कुणीही गाणं सुरू केलं की दुसऱ्या ओळीला त्यांची पट्टी जुळलेली असायची. पुण्यात आल्यावर मी रीतसर शिकलो. कागदावर त्यांच्या पुढे गेलो असेन, पण रविवारी अजून त्यांचंच काम करतो.

नवीन मुलांना आपल्या गाण्यांचं मूळ माहीत नसतं, म्हणून थोडं सांगतो. 'उपासना संगीत' हे आपलं मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक उघडलंत तर दोन तऱ्हेची गाणी दिसतील. एक, इंग्रजी चालींवर बसवलेली. अमेरिकन आणि ब्रिटिश मिशनऱ्यांनी चाली आणल्या आणि शब्द मराठी घातले. दुसरी, आपल्या मातीतली पदं, भजनं, अभंग. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा उभी केली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर अशी पदं लिहिली की शंभर वर्षं होऊन गेली तरी रविवार त्यांच्याशिवाय जात नाही. टिळक तुकोबांच्या अभंगांवर पोसलेले होते. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी ती वाणी सोडली नाही, तिच्यातूनच प्रार्थना केली. हा इतिहास पाठ करायला म्हणून सांगत नाही. या दोन तऱ्हांना हात दोन वेगळ्या पद्धतीने लागतो, म्हणून सांगतो.

पदाला तबला किंवा ढोलकी, भजनी ठेका, एकाने सांगायचं आणि मंडळीने उचलायचं. इथे पेटीने गाणाऱ्याच्या मागे चालायचं असतं. इंग्रजी चालीला सगळे एकदम सुरू करतात आणि एकदम थांबतात. तिथे पेटीनेच पुढे राहावं लागतं, नाहीतर मागच्या बाकांवरची मंडळी प्रत्येक ओळीला अर्धी मात्रा रेंगाळते आणि चौथ्या कडव्यापर्यंत गाणं पार मरगळतं. मराठी शब्द इंग्रजी चालीवर बसवताना आणखी एक अडचण येते. चालीतला ठोका कधीकधी नेमका विभक्ती प्रत्ययावर पडतो आणि मधला दीर्घ स्वर बिचारा घाईत उरकला जातो. छापील स्वरलिपीत तसंच असतं. अशा वेळी मी सरळ शब्दाच्या बाजूने जातो: दीर्घाला त्याचा वेळ देतो, प्रत्ययावरचा जोर काढतो. पाश्चात्त्य पद्धतीने शिकून आलेली मुलं यावर वाद घालतात. घालू देत.

आता पट्टी, म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा ते. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. सकाळी आठची उपासना म्हणजे निम्म्या मंडळीचा आवाज उघडलेला नसतो. घरून डबे करून आलेल्या बायका, रात्रपाळी करून आलेला एखादा, सत्तरीतली आजोबा मंडळी. या सगळ्यांना वरचा पांढरी दोनचा सूर (सप्तकातली दुसरी पांढरी, इंग्रजी D) ही मर्यादा समजा. त्याच्या वर गेलं की पुरुष एकतर गप्प होतात किंवा खालच्या सप्तकात उतरून गुणगुणतात. म्हणजे अंतरा (गाण्याचा वर चढणारा भाग) तार षड्जाला, वरच्या सा ला, टेकून परत येत असेल तर सा पांढरी दोनवर चालेल. अंतरा तार गंधारापर्यंत, वरच्या ग पर्यंत, चढत असेल तर सा काळी पाचवर (पाचवी काळी, A#) खाली आणायचा. इंग्रजी चाली पुस्तकात बऱ्याचदा त्यापेक्षा उंच छापलेल्या असतात, कारण त्या चार आवाजांच्या क्वायरसाठी लिहिलेल्या. तुमच्याकडे एकच आवाज आहे, मंडळीचा. खाली उतरवा.

सुरुवातीचा तुकडाही विचार करून वाजवा. पदाचं ध्रुवपद, इंग्रजी चालीची शेवटची ओळ, एवढंच पुरतं. तो तुकडा ज्या लयीत वाजवाल त्याच लयीत गाणं सुरू होईल, म्हणून त्यात मुरक्या नकोत. ओळ संपली की तुम्हीही मनात श्वास घ्या आणि तेवढा वेळ द्या. कडवं संपल्यावर भाता मारत लांबलचक सूर धरून ठेवायची सवय पुष्कळांना असते. लोकांना वाटतं अजून आपलं गाणं संपलेलं नाही, आणि पुढचं कडवं निम्मे लोक आधी सुरू करतात.

अंत्यविधी हा वेगळा पाठ आहे. दफनभूमीत पेटी नसते, माईक नसतो, रस्त्यावरून टेम्पो जात असतात, आणि पाळकसाहेब तुमच्याकडे बघून मान हलवतात. सूर तुम्हाला धरायचा असतो. कुटुंबातल्या लोकांचा गळा दाटलेला असतो, तेव्हा नेहमीपेक्षा एक सूर खालीच घ्या. फोनमध्ये तानपुऱ्याचं अॅप ठेवा, कानाला लावून एकदा सा ऐका आणि उचला. या विधीची चार-पाच गाणी सगळ्या कडव्यांसह तोंडपाठ पाहिजेत. पुस्तक हातात घेऊन तिथे उभं राहणाऱ्याचा आवाज जमिनीकडे जातो.

शिक्षणाचं विचाराल तर पुण्यात दोन वाटा आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, विशारद प्रथम आणि पूर्ण, त्यापुढे अलंकार. गायनाला बसता येतं, संवादिनीला म्हणजे पेटीलाही. दुसरी वाट ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षांची, आठव्या ग्रेडपर्यंत; कॅम्प, वानवडी, कोंढव्याकडे त्यांचे शिक्षक भरपूर आहेत. आपली ख्रिस्ती कुटुंबं डोळे मिटून दुसरी वाट धरतात. मी म्हणतो, मराठी उपासनेत वाजवायचं असेल तर निदान मध्यमा पूर्णपर्यंत गाणं शिका, आणि सोबत स्टाफ नोटेशन वाचता येईल एवढी पाश्चात्त्य बाजू करा. चार आवाजांचं क्वायर बांधायचं असेल तर मात्र हार्मनी (वेगवेगळे सूर एकत्र जुळवणं) नीट शिकावीच लागते. तिथे कानावर भागत नाही. पदवीच करायची तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, भारती विद्यापीठाचं परफॉर्मिंग आर्ट्स आहे.

रागसंगीत शिकायला गेलेल्या ख्रिस्ती मुलाला एक प्रश्न पडतोच, आणि तो घरच्यांना त्याच्याहून जास्त पडतो. बंदिशीत श्रीकृष्ण आहे, गुरुजींच्या खोलीत सरस्वतीची तसबीर आहे, गुरुपौर्णिमेला कार्यक्रम आहे. काय करायचं? माझे गुरुजी सदाशिव पेठेतले, सोवळ्यातले म्हणावेत असे. पहिल्याच दिवशी मी जरा अडखळत सांगितलं की मी ख्रिस्ती आहे. ते म्हणाले, "बरं मग? सा लाव." मी बंदिशी सगळ्या गायलो, अजून शिकवतो. आरतीच्या वेळी मी मागे उभा राहायचो, त्यांनी कधी पुढे बोलावलं नाही आणि कधी विचारलंही नाही. पुढे एका नाताळात ते आपणहून आमच्या उपासनेला येऊन बसले, आणि घरी जाताना म्हणाले, "तुमच्या त्या तिसऱ्या पदाला भीमपलास बरा लागला, पण निषाद सांभाळ." प्रत्येक घराने आपापली सीमा ठरवावी, मी कुणाला भाग पाडत नाही. एवढंच सांगतो की शिक्षकाला सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगा. लपवाछपवीने रियाज होत नाही.

पेटीबद्दल आपल्याच लोकांत एक न्यूनगंड आहे, की ती जुनाट, कीबोर्ड म्हणजे प्रगती. हे वाद्य युरोपातून इकडे आलं, मिशनऱ्यांनी ते गावोगाव नेलं, कलकत्त्यात त्याचं हाताने भाता मारायचं रूप घडलं, आणि मग आपण ते इतकं आपलंसं केलं की १९४० ते १९७१ आकाशवाणीवर त्याला बंदी असूनही त्याचं काही बिघडलं नाही. गंधार आणि निषाद पेटीवर जरा चढे लागतात हा आक्षेप खरा आहे, गाणाऱ्याला तो त्रास होतोच. पण साथ म्हणजे काय हे शिकायला याहून चांगली शाळा नाही. अप्पा जळगावकरांची साथ ऐका. मोठा गवई तान घेत असताना ते किती कमी वाजवतात, आणि गवई थांबला की नेमकं काय भरतात, ते मोजून बघा. रविवारी तुमचा गवई म्हणजे पाचव्या बाकावरची बेसूर मावशी आहे. तिलाही तसंच सांभाळायचं.

ऐकण्याच्या बाबतीत पुण्यासारखं गाव नाही. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून इथे आहे. अडचण एकच की तो डिसेंबरात येतो आणि आपल्या कॅरोल राऊंडच्या (नाताळची गाणी घरोघरी गाण्याच्या) तालमी त्याच आठवड्यात. एक सत्र तरी काढा. कॅम्पात मज्दा हॉलला पाश्चात्त्य मैफली होतात. आणि गुरुवार पेठेत पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाचा मनोरा बघून या: तिथे इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत, आणि त्या दोरांनी ओढून क्रमाने वाजवायची इंग्रजी पद्धत आहे. प्रत्येकाच्या हाती एकच घंटा, तिचा एकच सूर. आपली पाळी येईपर्यंत गप्प राहायचं. वाद्यवृंदात जास्त वाजवायची खोड असलेल्या प्रत्येक मुलाला मी तिथे पाठवतो.

पैशाचं स्पष्ट बोलू. बहुतेक मराठी मंडळ्यांत वाजवणाऱ्याला मानधन नसतं. असलं तर रिक्षाभाडं निघेल इतकं. त्यावर रागावू नका आणि त्यावर संसारही मांडू नका. लग्नाच्या विधीला बोलावतात तिथे मात्र आधी ठरवून घ्यावं, संकोच करू नये. पोट भरतं ते शिकवण्यांवर, शाळेच्या नोकरीवर, जमल्यास स्टुडिओतल्या अरेंजमेंटवर. शाळेच्या नोकरीला विशारद आणि बी.ए. या दोन्हींचा उपयोग होतो. एका मंडळीत मला वर्षानुवर्षं "ही सेवा आहे" असं ऐकवून लग्नाचं वाजवणंही फुकटात घेतलं गेलं; सेवा कुठली आणि काम कुठलं हे मग मीच ठरवू लागलो. रविवार सेवा, बाकी काम. कुणी नाराज झालं, पण त्यानंतर रविवारी माझं मन साफ असतं.

हल्ली उपासना यूट्यूबवर जाते, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. टिळक १९१९ साली गेले, त्यांची पदं बिनघोर वापरा. नव्या गाण्यांचं, नव्या भाषांतरांचं तसं नाही. गीतकार हयात असेल तर एक फोन करा, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.

राहता राहिली पेटीची खरेदी. नवी कोरी घेऊ नका, जुनी बघा, आणि पावसाळ्यात तर मुळीच घेऊ नका, दमट हवेत लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. दुकानात आधी वाजवू नका. सगळे खुंटे बंद करा, भाता भरा आणि हात सोडा. भाता लगेच बसला तर गळती आहे. मग एकेक सूर अगदी हलक्या भात्याने वाजवून बघा, उशिरा बोलणारा सूर सापडेलच. दुकानदार स्केलचेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी पेटी, गळ्यात मारेल. पहिली काही वर्षं तो नको: जड असतो, रिक्षात बसत नाही, आणि पांढरी दोनवरून काळी पाचवर जायला आधी बोटं शिकली पाहिजेत.