मॅमोग्राफीनंतर पुन्हा बोलावले, तर मधले दिवस कसे काढावेत

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपून काही वर्षे झालेली असतात, वर्षाची ठरलेली मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून आपण घरी आलेलो असतो, आणि दोन दिवसांनी भर दुपारी फोन येतो: ‘‘मॅडम, डॉक्टरांनी अजून एक-दोन फिल्म काढायला सांगितल्यात, गुरुवारी याल का?’’ मला हा फोन चौथ्या वर्षी आला. तव्यावर पोळी होती. ‘‘हो, येते,’’ एवढे म्हणून मी फोन ठेवला, आणि पोळी जळाल्याचा वास शेजारच्या काकूंना आधी आला, मला नंतर.

हा लेख स्तनाचा कर्करोग एकदा होऊन गेलेल्या बायकांसाठी आहे, कारण पहिल्यांदाच तपासणी करणाऱ्या बाईला दिला जाणारा दिलासा आपल्याला पुरत नाही. नियमित तपासणीतून पुन्हा बोलावलेल्या बायकांपैकी १० मध्ये एकीपेक्षाही कमी जणींना कर्करोग निघतो, असे सांगितले जाते. ते खरे आहे; पण तो आकडा मुख्यतः कधीच रोग न झालेल्या बायकांचा आहे, आणि आपण त्या थोडक्या जणींत एकदा मोजल्या गेलो आहोत. अशा बाईला आकडे ऐकून झोप लागत नाही. म्हणून भीती पार घालवण्याच्या खटपटीत न पडता, तिच्यातला कळण्यासारखा भाग कळून घ्यावा आणि उरलेल्या भीतीसकट दिवस काढण्याची सोय लावावी, असा माझा सल्ला आहे.

आधी नेमके काय दिसले ते विचारावे

फोन आला की आपण गांगरतो, त्यामुळे त्या क्षणी काही सुचले नाही तर अर्ध्या तासाने कागद-पेन घेऊन उलट फोन करावा. फोन करणाऱ्या मुलीला बहुधा फक्त तारीख द्यायची असते आणि तिच्या आवाजावरून निदान ताडण्यात काही अर्थ नसतो (मी ‘‘याल का’’ या दोन शब्दांतल्या सुराचा रात्रभर कीस पाडला होता). तिच्याकडे रिपोर्टची प्रत मागावी, आणि आपल्या सर्जनच्या किंवा कर्करोगतज्ज्ञांच्या ओपीडीत विचारावे: बोलावले आहे ते ऑपरेशन झालेल्या बाजूसाठी की दुसऱ्या, फिल्म हलली वा स्तनाचा काही भाग तिच्यात आला नाही म्हणून, की काही दिसले म्हणून, दिसले असेल तर ते कॅल्शियमचे कण आहेत, सावली आहे, की जुन्या व्रणाजवळचा बदल, आणि त्या दिवशी नुसत्या जास्तीच्या फिल्म होणार की सोनोग्राफीही. तारीख लांबची असेल तर कोणी रद्द केल्यास आपल्याला आधी बोलवा, असेही सांगून ठेवावे.

रिपोर्टच्या शेवटी ‘बाय-रॅड्स’ नावाची श्रेणी लिहिलेली असते आणि ती ० ते ६ असते. पुन्हा बोलावताना बहुधा ० लिहिलेले असते. या शून्याचा अर्थ ‘काही नाही’ असा नाही आणि ‘वाईट आहे’ असाही नाही. ‘एवढ्या फिल्मवरून मत देता येत नाही, आणखी चित्रे हवीत’ एवढाच तो आहे. १ आणि २ म्हणजे काळजीचे काही नाही. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी, सहसा सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. ४ ही श्रेणी फार पसरट आहे, २ टक्क्यांच्या थोडे वर ते ९५ टक्क्यांपर्यंत, म्हणून तिला ‘अ, ब, क’ असे पोटभाग असतात, आणि नुसता ४ पाहून छातीत धस्स होण्याआधी पोटभाग कोणता ते विचारावे. ५ म्हणजे दाट संशय, आणि ६ हा बायोप्सीने, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीने, आधीच सिद्ध झालेल्या रोगासाठी असतो.

ऑपरेशन झालेला स्तन फिल्मवर वेगळा दिसतो

हा भाग मला कोणी आधी समजावून सांगितला असता तर माझ्या तीन रात्री वाचल्या असत्या, म्हणून येथे थोडे थांबते. स्तन राखून फक्त गाठ काढली असेल आणि नंतर रेडिएशन, म्हणजे ज्याला आपल्याकडे अनेक जण ‘लाइट’ म्हणतात, ते घेतले असेल, तर त्या जागी पुढे बरीच वर्षे घडामोडी चालू राहतात. ऑपरेशनने आणि किरणांनी दुखावलेली चरबी मरते. कधी तिथे तेलकट द्रवाने भरलेली पोकळी तयार होते, तिच्या भिंतीवर हळूहळू कॅल्शियम साचते, आणि फिल्मवर अंड्याच्या कवचासारखी पांढरी कड उमटते. ही कड पूर्ण झाली की रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे फिल्म वाचणारे डॉक्टर, तिला लगेच ओळखतात. मात्र कॅल्शियम साचायला नुकतीच सुरुवात झाली असेल तर कण बारीक आणि वेडेवाकडे दिसतात, ते कर्करोगाच्या कणांसारखे भासू शकतात, आणि मग त्या जागेची मोठी करून फिल्म काढावी लागते. हे उपचारांनंतर काही वर्षांनीही होते, त्यामुळे ‘इतकी वर्षे काही नव्हते, आता अचानक कसे आले’ हा प्रश्न जितका भीतिदायक वाटतो तितका तो असतोच असे नाही. व्रणाची आत ओढलेली रेघ, जाड झालेली त्वचा, साचलेले पाणी, हेही फिल्मवर संशयाच्या चेहऱ्याने दिसतात. व्रण काळाबरोबर आकसतो किंवा तसाच राहतो. तो वाढू लागला तर डॉक्टर त्याकडे लक्ष देतात.

एवढे वाचून ‘माझेही तसलेच असणार’ असे मात्र ठरवून टाकू नये. रोग त्याच स्तनात परत येऊ शकतो, दुसऱ्यात नव्याने होऊ शकतो, आणि झालाच तर लहान असताना सापडावा म्हणूनच दर वर्षी फिल्म काढतात. गुरुवारी जाणे टाळणे हा एकच पर्याय खरोखर चुकीचा आहे.

फाइल लावावी

हाताला काम असले की डोके थोडे गप्प बसते, आणि हे काम उपयोगाचेही आहे. जुन्या फिल्मशी तुलना केल्याशिवाय नवीन फिल्मचा अर्थ नीट लागत नाही, आणि कितीदा तरी केवळ जुनी फिल्म समोर नसल्यामुळेच पुन्हा बोलावले जाते. माझ्या प्लास्टिकच्या फाइलीची चेन तुटली होती, ती मी परकराच्या नाडीने बांधत असे, आणि तिच्यात किमोची बिले वर आणि महत्त्वाचे कागद तळाशी होते. बिले बाजूला काढावीत. ऑपरेशनचा तपशील, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, रेडिएशन संपल्याची तारीख आणि मागच्या सर्व मॅमोग्राफी, फिल्म असोत वा सीडी, वर्षांच्या क्रमाने लावाव्यात. सीडी घरच्या किंवा शेजारच्या कॉम्प्युटरवर उघडते का तेही पाहावे. माझी २ वर्षांपूर्वीची सीडी कोरी निघाली आणि तपासणी केंद्रातून नवी आणावी लागली.

कोणाला सांगावे

सगळ्यांना सांगितले तर सगळ्यांचीच भीती आपल्याला सांभाळावी लागते, आणि कोणालाच न सांगता चेहरा हसरा ठेवणे तर त्याहून दमवणारे असते. घरात एकाला पूर्ण सांगावे, बाकीच्यांना एकच ठरलेले वाक्य द्यावे: ‘‘अजून एक फिल्म काढायची आहे, गुरुवारी कळेल, तोवर विचारू नका.’’ ‘‘अगं, काही नसणार, तू सकारात्मक राहा,’’ असे म्हणणारी माणसे प्रेमाचीच असतात, पण ते ऐकून बोलणे खुंटते; त्यांना ‘‘नुसते बसा माझ्याजवळ’’ असे सरळ सांगण्यात वावगे नाही. मुलांपासून लपवले तरी त्यांना घरातला ताण कळतोच, म्हणून त्यांच्या वयाला समजेल एवढे खरे सांगावे.

रात्रीसाठी काही गोष्टी

दिवस निघून जातो, रात्र निघत नाही. रात्री मोबाइलवर शोधाशोध करायची नाही, हा पहिला नियम. वाचायचेच असेल तर दिवसा, अर्धा तास, आणि त्यातून निघालेले प्रश्न डॉक्टरांसाठी कागदावर. दुसरी युक्ती जरा विचित्र वाटेल, पण ती उपयोगी पडते: संध्याकाळी ठरावीक वीस मिनिटे काळजीसाठीच राखून ठेवावीत, मनात येईल ते सगळे वाईटात वाईटही लिहून काढावे, आणि रात्री तेच विचार आले की ‘उद्या सहा वाजता’ असे म्हणून त्यांना तारीख द्यावी. विचार लगेच ऐकत नाहीत, तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडे ऐकू लागतात. छातीत धडधड सुरू झाली तर चार आकडे मोजून श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजून सोडावा, असे पाच मिनिटे करावे. सोडण्याचा वेळ घेण्याहून जास्त असणे महत्त्वाचे आहे. टॅमोक्सिफेन किंवा लेट्रोझोल या हार्मोनवरच्या गोळ्या घेणाऱ्यांना रात्री अंगातून वाफा निघून जाग येते, ती प्रत्येक जाग भीतीच्या खात्यावर मांडू नये. या दिवसांत गोळी मनाने बंद करू नये, आणि शेजारणीची झोपेची गोळीही घेऊ नये.

कर्करोग रुग्णालयांत मनाचा ताण ० ते १० असा मोजण्याची एक पट्टी वापरतात, तशी ती घरी रोज रात्री स्वतःच वापरता येते. ४ किंवा त्याहून वरचा आकडा येत असेल तर डॉक्टरांना सांगण्याजोगा ताण आहे असे समजावे. जेवण जात नसेल, सलग रात्री झोप नसेल किंवा जगण्याचाच कंटाळा वाटू लागला असेल तर तारखेची वाट पाहू नये. सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

तपासणीचा दिवस

वर-खाली वेगळे असे कपडे घालावेत, आणि काखेत व छातीवर पावडर, डिओ किंवा मलम लावू नये, कारण त्यातले कण फिल्मवर कॅल्शियमसारखे दिसू शकतात. सोबत कोणी तरी असावे, ऐकलेले लिहून घेण्यासाठी. माझ्या व्रणावर तंत्रज्ञ बाईंनी एक बारीक तार चिकटपट्टीने लावली; विचारल्यावर म्हणाल्या, ‘‘फिल्मवर तुमचा टाका कुठे आहे ते डॉक्टरांना कळावं म्हणून.’’ चार वर्षे न पाहण्याचा प्रयत्न केलेला तो व्रण त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिला. दाब काही सेकंदांचाच असतो, पण ऑपरेशनची बाजू दुखरी असेल तर आधी सांगावे, म्हणजे त्या हळूहळू दाबतात. निघण्यापूर्वी ‘‘आजच कोणी डॉक्टर बोलतील का, नाही तर कधी आणि कोणाकडून कळेल?’’ हे विचारल्याशिवाय हलू नये.

पुढे तीन वाटा असतात. सगळे ठीक आहे, किंवा सहा महिन्यांनी पाहू, किंवा बायोप्सी करू. बायोप्सी म्हणजे निदान झाले असे नव्हे. ती जागा बधिर करून सुईने तुकडे घेतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात, पण पॅथॉलॉजीच्या रिपोर्टला काही दिवस लागतात, म्हणून वर सांगितलेली रात्रीची सोय तेव्हा पुन्हा लावावी लागते. ‘ठीक आहे’ असे कळल्यावरही बरेचदा रडू येते, चिडचिड होते, आठवडाभर अंग गळून जाते. माझे कण मेलेल्या चरबीचे निघाले, आणि घरी येऊन मी नवऱ्यावर वांग्याच्या भाजीत मीठ जास्त पडल्यावरून ओरडले, जी मीच केली होती.

दोन दिवसांनी फाइल जागेवर ठेवताना एक कोरा कागद सर्वांत वर लावावा आणि त्यावर लिहावे: कोणत्या तारखेला बोलावले, कोणत्या बाजूला काय दिसले, ते शेवटी काय निघाले, रिपोर्ट कोणी दिला. माझ्या कागदावर आता दोन ओळी आहेत.