‘सिली मिस्टेक’ म्हणून सोडून देऊ नका! गणितातल्या या चुका टाळा

"सगळं येत होतं, फक्त सिली मिस्टेक झाली." आमच्या लालबागच्या क्लासमध्ये प्रत्येक टेस्टनंतर हे ऐकू येतं. मुलं म्हणतात, पालक म्हणतात, आणि म्हटलं की सगळ्यांना बरं वाटतं, की चला, पोराचं डोकं ठीक आहे, त्या दिवशी जरा लक्ष नव्हतं एवढंच. मला हे अजिबात पटत नाही. तीच चूक त्याच जागी परत परत होत असेल तर ती सिली नाही, ती सवय आहे, आणि सवय बदलता येते. फक्त त्यासाठी चुकलेला पेपर दप्तरात कोंबून न ठेवता समोर घेऊन बसावं लागतं, आणि नेमकं तेच कुणाला नको असतं.

सगळ्यात आधी वजाचं चिन्ह, कारण तपासताना माझा सगळ्यात जास्त जीव यातच जातो.

हे समीकरण बघा: २क्ष² − ५क्ष − ३ = ०. वर्गसमीकरणाचं सूत्र, क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) ÷ २अ, सगळ्यांना पाठ असतं. अ = २, ब = −५, क = −३. आता ब² − ४अक काढायचं. घाईतलं पोरगं क ची किंमत नुसती ३ धरतं, मग २५ − २४ = १, वर्गमूळ १, आणि उत्तर ३/२ आणि १. किती छान आलं ना, पूर्ण वर्ग मिळाला, कुठे काही अडलं नाही, त्यामुळे शंकाच येत नाही. खरं तर −४ × २ × (−३) म्हणजे अधिक २४, एकूण ४९, वर्गमूळ ७, आणि मुळं ३ आणि −१/२.

यात अजून एक गंमत आहे ती नीट समजून घ्या. काही मुलं सांगतात की आम्ही ताळा करतो, मुळांची बेरीज −ब/अ येते का बघतो. इथे ती ५/२ यायला हवी. आता चुकीची मुळं घ्या, ३/२ + १ = ५/२. जुळलं! उत्तर चूक आणि ताळा बरोबर, कारण बेरजेच्या सूत्रात क येतच नाही आणि चूक झाली होती क मध्येच. गुणाकार बघितला असता तर लगेच पकडली असती, क/अ म्हणजे −३/२ हवं आणि इथे येतंय अधिक ३/२. म्हणून मी मुलांना अर्धवट ताळा करूच देत नाही. मूळ समीकरणात किंमत घाला. क्ष = १ घातलं तर २ − ५ − ३ = −६, शून्य नाही, विषय संपला. दहा सेकंदांचं काम आहे हो.

आणि −३² म्हणजे −९, (−३)² म्हणजे ९. ऋण संख्या आत घालताना कंस हवाच, यावर मी चर्चा करत नाही.

मध्यंतरी एक मुलगा होता, तोंडी हिशोबात वर्गात कुणी त्याच्या जवळपास नाही असा. प्रीलिमला गणित भाग १ मध्ये ४० पैकी २७ आले. वडील ड्यूटीवरून थेट क्लासला आले, म्हणाले, "टीचर, येतं हो त्याला सगळं, तुम्ही जरा समजवा." मी समजावलं काही नाही, त्याच्या हातात लाल पेन दिलं आणि म्हटलं, प्रत्येक चुकलेल्या गणितात जी ओळ पहिल्यांदा चुकली फक्त तिच्याखाली रेघ मार. तासाभरात त्याचं त्यालाच दिसलं. जवळजवळ सगळ्या रेघा एकाच प्रकारच्या ओळीखाली होत्या, कंसाच्या आधी वजा आहे, आणि हा कंस सोडवणं आणि पक्षांतर दोन्ही एकाच ओळीत करतोय. म्हणजे ७ − ३(क्ष − २) = ४ याच्या पुढची ओळ थेट −३क्ष = ३, आणि क्ष = −१. मधे ७ − ३क्ष + ६ = ४ ही ओळ लिहिली असती तर ३क्ष = ९, क्ष = ३, बरोबर.

विचारलं तर म्हणे, "टीचर, टाइम वाचतो." मी तोच पेपर परत लावला, घड्याळ समोर, अट एकच, एका ओळीत एकच क्रिया. दोन तासांच्या आत पेपर पूर्ण, वर वेळ उरला. तरी म्हणाला की पेपर आधी बघितलेला होता म्हणून. मुद्दा रास्त होता त्याचा. म्हणून पुढच्या रविवारी नवा पेपर दिला. तोही वेळेत झाला आणि ३६ आले. गेलेले ४ मार्क संभाव्यतेतले होते, ते त्याला खरंच येत नव्हतं, मग आम्ही संभाव्यता शिकायला घेतली. ओळ गाळून वेळ वाचत नाही, पाच मिनिटांनी उत्तर विचित्र आलं की तो वेळ व्याजासकट जातो.

यावर मला सांगतात की बारावीनंतरच्या इंजिनिअरिंगच्या सीईटीला ट्रिक्सच लागतात. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत असतात, स्पीड हवा हे मान्य. पण पर्याय काढणाऱ्याला मुलं कुठे घसरतात हे चांगलं माहीत असतं, वरच्या समीकरणाला ३/२ आणि १ हा पर्याय तिथे असणारच, आणि तो दिसला की चुकलेल्या मुलाला वाटतं आपलं बरोबर आलं. बोर्डात निदान पायऱ्यांचे मार्क मिळतात, तिथे तेही नाही. दहावीच्या पोराने रील बघून वैदिक गणिताची ट्रिक उचलावी आणि कंस सोडवताना चुकावं, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

आता एककं. मुंबईत घराचं क्षेत्रफळ हा रोजचा विषय, तरी चौरस फुटाचे चौरस मीटर करताना मुलं हमखास ३.२८ ने भागतात. ४५० चौरस फुटांचं घर मग १३७ चौरस मीटरचं होतं. बरोबर उत्तर जेमतेम ४२ आहे, कारण १ चौरस मीटर म्हणजे साधारण १०.७६ चौरस फूट, लांबीचा ३.२८ हा आकडा क्षेत्रफळात दोनदा लागतो आणि घनफळात तीनदा. घनफळात तर अजून गोंधळ. १ घनमीटर म्हणजे १००० लिटर, १ लिटर म्हणजे १००० घनसेंटिमीटर, हे पाठ पाहिजे. मी एक गणित दरवर्षी घालते: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर ५० चौरस मीटरच्या गच्चीवर किती लिटर पाणी पडलं? कुणीतरी ४७.२ लिटर लिहितंच. अरे, दोन-तीन बादल्या पाण्याने मुंबई बुडाली का? ४७,२०० लिटर आहे ते. आकडेमोडीत ४७.२ आलेलं असतं तेही बरोबरच, पण घनमीटरमध्ये. उत्तर आलं की त्याच्याकडे एकदा माणसासारखं बघा, एवढंच मागणं आहे माझं.

वेळेचंही तसंच. चर्चगेट ते विरार साधारण ६० किलोमीटर, समजा १ तास २० मिनिटं लागली, तर सरासरी वेग ताशी ४५ किलोमीटर. १.२० तास धरलं की ५० येतो. २० मिनिटं म्हणजे तासाचा एक तृतीयांश, दशांश चिन्ह लावायचं नाही.

जीएसटी धरून किंमत ११८० असेल आणि दर १८ टक्के, तर मूळ किंमत १०००. ११८० चे १८ टक्के वजा करू नका.

विचारलेलं असतं वडिलांचं वय, लिहितात मुलाचं. प्रश्नातली शेवटची ओळ उत्तर लिहिण्याआधी परत वाचा.

कच्चं काम पेपरच्या कोपऱ्यात तिरकं करू नका, तिथून आकडा उतरवताना ६ चा ० होतो. शेवटच्या पानावर, सरळ ओळीत, प्रश्न क्रमांक टाकून करा.

आता तपासण्याबद्दल. बहुतेक मुलं तपासतात म्हणजे आपणच लिहिलेलं परत वाचतात, आणि आपलं आपल्याला बरोबरच दिसतं. विल्यम शँक्स नावाच्या इंग्रज गणितीने १८७३ पर्यंत हाताने आकडेमोड करत पायचे (π) ७०७ दशांश काढले होते. ५२८ व्या जागी चूक होती, तिथून पुढचं सगळं चुकलं, आणि ते उघड झालं १९४० च्या दशकात, जेव्हा फर्ग्युसन नावाच्या गणितीने वेगळ्या सूत्राने पाय परत काढला. वेगळा रस्ता घेतला की चूक दिसते. वजाबाकी केली असेल तर बेरीज करून बघा, समीकरण सोडवलं असेल तर किंमत घाला, श्रेढीचं विसावं पद काढलं असेल तर त्याच सूत्राने पहिलं-दुसरं पद येतं का बघा.

पेपरची शेवटची दहा मिनिटं याच कामाला ठेवा. आधी समीकरणं घ्या, कारण ताळा तिथे लवकर होतो, मग एककं, मग प्रश्नाची शेवटची ओळ. आलेखाला हात लावू नका, त्या वेळी खोडाखोड केली की असलेले मार्कही जातात.